लागला नव्हता, हे त्याला माहीत होतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस क्रिकेटमधल्या खिलाडूवृत्तीवर बरीच पत्रं येत आहेत. मी ती सगळी वाचली. कुणी दीप्ती शर्माने सप्टेंबर 2022 मध्ये लॉर्ड्सवर चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकरच्या, म्हणजे गोलंदाजाकडच्या, टोकाला धावबाद केलं त्यावर लिहिलं, कुणी 2023 मध्ये त्याच मैदानावर ॲलेक्स कॅरीने बेअरस्टोच्या यष्ट्या उडवल्या त्यावर, तर कुणी त्याच वर्षी दिल्लीत शाकिबने अँजेलो मॅथ्यूजला 'टाइम्ड आउट' (ठरलेल्या वेळेत चेंडू खेळायला तयार न झाल्याने बाद) दिलं गेल्यावर अपील मागे घेतलं नाही म्हणून. तिन्ही प्रकरणांत माझं मत सरळ आहे. तिन्ही फलंदाज नियमाने बाद होते. नॉन-स्ट्रायकरने चेंडू हातातून सुटायच्या आत क्रीज सोडली तर चोरी त्याची, गोलंदाजाची नव्हे. आणि हा प्रकार 1 ऑक्टोबर 2022 पासून एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या लंडनच्या क्लबने, 'अनफेअर प्ले'च्या नियमातून काढून साध्या 'रन आउट'च्या नियमात घातलाही आहे. विषय संपला.

पण मला या चर्चेत एक गोष्ट खटकते. मी मुंबईच्या मैदानांवर पंच म्हणून उभा राहतो. नोकरीत असल्यापासून राहतोय, आता निवृत्तीनंतर जास्तच. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा. शाळांचे सामने, ऑफिसांचे सामने, पावसाळ्यातले गुडघाभर गवतातले सामने. एवढ्या काळात माझ्याकडे 'टाइम्ड आउट'चं अपील कधी आलेलं नाही. नॉन-स्ट्रायकरचं क्वचित. ज्यावर आपण एवढी शाई खर्च करतो ते प्रकार मैदानावर जवळजवळ घडतच नाहीत. जो प्रकार दर सामन्यात, दर तासाला घडतो, त्यावर मात्र एकाही वाचकाने लिहिलेलं नाही. तो म्हणजे खोटं अपील. फलंदाज बाद नाही हे स्वतःला पक्कं माहीत असताना पंचाकडे वळून घसा फोडून केलेलं अपील.

ज्यांनी कधी पंचगिरी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्रिकेटमध्ये कुणी विचारल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाही. नियम 31 तसंच सांगतो. फलंदाज खरोखर बाद असला तरी क्षेत्ररक्षकांपैकी कुणी अपील केलं नाही, तर पंचाने गप्प राहायचं. म्हणजे खेळाची सगळी इमारत एका गृहीतावर उभी आहे: विचारणारा खऱ्याने विचारतोय. त्याला शंका असू शकते, तो चुकूही शकतो, पण त्याला असं वाटतंय म्हणून तो विचारतोय.

आता पंच काय बघतो ते पाहा. आधी नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर, नो-बॉलसाठी. पाय पडला की नजर वर. टप्पा, दिशा, बॅट, पॅड, ग्लोव्हज, कीपर, हे सगळं सेकंदाच्या आत. मागे झेल असेल तर कान महत्त्वाचे. पण बॅट पॅडला घासल्याचा आवाज, बॅट जमिनीला टेकल्याचा आवाज, चेंडू शर्टाच्या बाहीला लागल्याचा आवाज आणि खरोखर कड लागल्याचा आवाज, यांत फरक केसाएवढा असतो. त्यात आझाद मैदान म्हणजे एका पिचला लागून दुसरं पिच. तुमचा स्क्वेअर लेग आणि शेजारच्या सामन्याचा लाँग ऑन पाठीला पाठ लावून उभे. शेजारच्या सामन्यात कुणी अपील केलं की आमचा फलंदाज दचकून मागे बघतो. एकदा तर शेजारचं अपील आणि आमचा चेंडू एकाच क्षणी आले, आणि माझ्या फलंदाजाने घाबरून बॅटच काखेत धरली! वर बाहेर रस्त्यावर हॉर्न. टीव्हीवर स्टंपमधल्या मायक्रोफोनमुळे जे घरबसल्या कळतं, ते इथे दोन कानांनी पकडायचं असतं.

म्हणून मैदानी पंच आणखी एक गोष्ट वाचायला शिकतो. पुस्तकात ती नाही, पण कुठलाही जुना पंच सांगेल. खरं अपील एकदम फुटतं. कीपर, पहिली स्लिप आणि गोलंदाज यांचा आवाज एका क्षणी येतो, आणि तिघेही अपील करताना आधीच आनंदलेले असतात. खोटं अपील हप्त्याहप्त्याने येतं. आधी कीपर, मग त्याच्याकडे बघून स्लिप, मग गोलंदाज, आणि शेवटी कव्हरमधला मुलगा, ज्याला तिथून काहीही दिसणं शक्य नसतं. खरं अपील करणारा फलंदाजाकडे बघतो. खोटं अपील करणारा माझ्याकडे बघतो.

आणि आता हे हप्ते पडणंही बंद झालंय. पोरांना तालीम दिली जाते. एकदम, एका आवाजात, हात वर करून, पंचाच्या दिशेने दोन पावलं टाकत. मी नेट्समध्ये पाहिलंय. कॅचिंगचा सराव होतो तसा अपीलचाही सराव होतो.

चौदा वर्षांखालील मुलांचा एक सामना सांगतो. शाळांची नावं लिहीत नाही, कारण या बाबतीत मला एकीला वेगळं काढता येणार नाही. कीपर चुणचुणीत होता, उंचीने यष्ट्यांपेक्षा फारसा मोठा नसावा असा. लेग स्टंपच्या बाहेरचा चेंडू फलंदाजाच्या मांडीच्या पॅडला लागून त्याच्याकडे गेला. अकराच्या अकरा ओरडले. मी मान हलवली. पुढच्या चेंडूला परत तेच, या वेळी चेंडू कशालाच लागला नव्हता. षटक संपलं, तो टोक बदलताना माझ्या बाजूने गेला आणि हसत म्हणाला, "सर, लागला नव्हता ना? मलापण माहीत होतं."

मी म्हटलं, "मग ओरडलास का रे?"

"नाही ओरडलं तर सर बाहेरून ओरडतात."

एवढं सांगून तो आपल्या जागी गेला. लबाडीचा लवलेश नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. गृहपाठ केला नाही तर बाई रागावतात, तितक्या सहजपणे तो बोलला होता.

दुसरा मुलगा गलीत, म्हणजे स्लिपच्या पलीकडच्या जागी, होता, दुसऱ्या एका सामन्यात. फलंदाजाची कड लागली, चेंडू खाली राहिला, याने झेप घेऊन उचलला. सगळे नाचायला लागले. माझ्या आणि चेंडूच्या मध्ये गोलंदाज आला होता, मी स्क्वेअर लेगच्या सहकाऱ्याकडे वळणार, तेवढ्यात या मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "सर, टप्पा पडला होता." फलंदाज नाबाद. पुढच्या षटकाआधी सीमारेषेबाहेरून हाक आली आणि तो मुलगा फाइन लेगला गेला. षटक संपलं की पलीकडच्या फाइन लेगला, परत षटक संपलं की अलीकडच्या. दुपारच्या उन्हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता. ज्यांनी मैदानावर क्रिकेट खेळलंय त्यांना ही शिक्षा ओळखीची आहे. त्याचे वडील तिथेच झाडाखाली उभे होते. त्यांना प्रशिक्षक काय म्हणाले ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या कानावर आलं: "मुलाला जरा व्यवहार शिकवा." वडील काही बोलले नाहीत. संघात पोराची जागा टिकवायची तर कोण बोलणार?

या प्रशिक्षकांशी मी बोललो नाही असं नाही. एकाने मला ऐकवलं, "सर, आपलं मुंबईचं क्रिकेट खडूस." खडूस क्रिकेट मी या मैदानांवरच पाहिलंय. ओल्या पिचवर चेंडू कधी घोट्याशी तर कधी छातीशी येतोय आणि एखादा सलामीवीर सगळी सकाळ अंगावर घेत उभा आहे. एखादा डावखुरा स्पिनर एकाच जागी टप्पा टाकत तासभर एक धाव देत नाही. समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही आणि स्वतःची विकेट फेकायची नाही. त्यात न लागलेल्या चेंडूवर लागला म्हणून बोंब मारणं कुठे बसतं, हे त्या गृहस्थांनी मला अजून सांगितलेलं नाही.

अपिलाने कुणाचं काय जातं, असंही विचारतात. काय जातं ते सांगतो. शालेय स्पर्धेत खेळणारं पोर विरारहून, बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून येतं. किट बॅग सामानाच्या डब्यात, स्वतः दारात. त्याला या सामन्यात फलंदाजी मिळणार एकदा. पुढची फेरी गाठली नाही तर या हंगामात परत नाही. त्याच्या शाळेच्या धावफलकात त्याच्यापुढे तीन लिहिलं गेलं की निवड समितीपुढे तीनच जातात. बॅट पॅडच्या मागे होती की पुढे, हे तिथे कुणी लिहीत नाही. आणि आपल्याच पानावर दुसऱ्या दिवशी पाच बळी घेणाऱ्याचं नाव ठळक येतं. ते पाच खरे किती, ते त्याचा कीपर जाणतो.

सन 2000 मध्ये एमसीसीने क्रिकेटच्या नियमांना प्रथमच एक प्रस्तावना जोडली. कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर या इंग्लंडच्या दोन माजी कर्णधारांचा त्यामागे पुढाकार होता. खेळाच्या आत्म्याविरुद्ध काय काय आहे त्याची तिथे यादीच होती, आणि लबाडीचं पहिलं उदाहरण म्हणून काय दिलं होतं? फलंदाज बाद नाही हे माहीत असताना अपील करणं. त्याखालोखाल आक्रमकपणे पंचाच्या अंगावर जात अपील करणं. मी पंचांच्या परीक्षेला बसणाऱ्या तरुण मुलांना हे वाक्य पाठ करायला सांगत असे. 2017 च्या नव्या संहितेत प्रस्तावना छोटी आणि गुळगुळीत झाली. आदर बाळगा, जोमाने खेळा, सचोटीने खेळा, असं सगळं छान छान. ती यादी गेली आणि यादीतलं ते वाक्यही गेलं. अवाजवी अपील आणि अपील करत अंगावर येणं आता नियम 42 मध्ये गैरवर्तनाच्या पहिल्या पातळीवर आहे. पहिल्यांदा ताकीद, त्याच संघाकडून परत घडलं तर समोरच्या संघाला पाच धावा. पण तो नियम अपिलाच्या गोंगाटाबद्दल आणि अंगावर येण्याबद्दल आहे. खोटं, पण शांतपणे केलेलं अपील त्यात सापडत नाही. मला विचाराल तर मोठी वजाबाकी तिथे झाली.

आता मोठ्या क्रिकेटकडे येतो, कारण पोरं तिथूनच शिकतात. जानेवारी 2008 ची सिडनी कसोटी आठवते ना? आपल्याकडे त्या सामन्याचा राग अजून ताजा आहे. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स 30 वर असताना चेंडू त्याच्या बॅटची कड लागून कीपरकडे गेला, पंचांनी बाद दिलं नाही, त्याने नाबाद 162 केल्या, आणि कड लागली होती हे नंतर स्वतःच सांगितलं. लोकांचा राग त्याच्यावर. माझा राग शेवटच्या दिवसावर आहे. द्रविड 38 वर खेळत होता. सायमंड्सचा चेंडू, द्रविडची बॅट पॅडच्या मागे दडलेली, चेंडू पॅडला लागून कीपर गिलख्रिस्टकडे गेला. अपील झालं, पंच बकनरनी बोट वर केलं. हाच गिलख्रिस्ट 2003 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध पंचांनी नाबाद दिल्यावर स्वतःहून चालत गेला होता, आणि जगाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. बॅट हातात असताना एवढा सचोटीचा माणूस ग्लोव्हज घातल्यावर तसा राहत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. भारत ती कसोटी 122 धावांनी हरला. कुंबळे म्हणाला की एकच संघ खेळाच्या वृत्तीने खेळत होता, ते आपण तोंडपाठ केलं.

पण आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. नोव्हेंबर 2001, पोर्ट एलिझाबेथ. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी आपल्या सहा खेळाडूंवर कारवाई केली आणि देशभर आगडोंब उसळला. आज कुणालाही विचारा, ते प्रकरण म्हणजे सचिनवरचा चेंडूच्या शिवणीशी छेडछाडीचा आरोप एवढंच आठवतं. त्या सहांतल्या सेहवाग, हरभजन, शिवसुंदर दास आणि दीप दासगुप्ता या चौघांवर ठपका अवाजवी अपीलचा होता, आणि संघाला आवरलं नाही म्हणून गांगुलीवर. डेनेस यांनी एकाच मापाने मोजलं नाही, आफ्रिकेचे खेळाडूही तसंच ओरडत होते, ही तक्रार तेव्हा झाली आणि ती मलाही रास्त वाटते. तरीही सचिनच्या नावाच्या धुरळ्यात अपीलचा प्रश्न असा गडप झाला, की आपण तो परत कधी उघडलाच नाही.

इथे कुणी वाचक म्हणेल, मग फलंदाजाचं काय? कड लागलेली असताना उभा राहतो तो? मी त्याला दोष देत नाही, आणि यावरून माझे पंच मित्रही माझ्याशी भांडतात. उभा राहणारा फलंदाज काही म्हणत नाही. तो निर्णय पंचावर सोडतो, आणि नियमही तेच सांगतो. अपील करणारा मात्र तोंडाने बोलतो. चालत जाणारा मला अर्थातच आवडतो. 2011 च्या विश्वचषकात चेन्नईला वेस्ट इंडिजच्या रामपॉलच्या चेंडूवर सचिनला पंचांनी नाबाद दिलं होतं, धावा झाल्या होत्या अवघ्या दोन, आणि घरचं मैदान भरलेलं असताना तो निघून गेला. तो मोठेपणा झाला. पण मोठेपणा तेरा वर्षांच्या पोराकडून सक्तीने मागता येत नाही. खोटं बोलू नको, एवढं मात्र मागता येतं.

इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडचं उदाहरणही नेहमी चुकीच्या अंगाने दिलं जातं. 2013, ट्रेंट ब्रिज. ऑस्ट्रेलियाच्या एगरच्या चेंडूवर एवढी जाड कड, की चेंडू कीपरच्या ग्लोव्हजवरून स्लिपमध्ये गेला. पंच अलीम दार यांनी नाबाद दिलं, ब्रॉड ढिम्म. सगळं जग ब्रॉडवर तुटून पडलं. पण ऑस्ट्रेलियाने दाद का नाही मागितली? कारण त्यांच्याकडे रिव्ह्यू, म्हणजे पंचाचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून घ्यायच्या संधी, उरलेच नव्हते. दोन्ही आधीच्या आशाळभूत अपिलांवर उधळून झाले होते. इंग्लंड ती कसोटी 14 धावांनी जिंकलं. माझ्या मते त्या दिवशी क्रिकेटने स्वतःच न्याय केला.

आणि नेमका इथेच मैदानाचा प्रश्न आहे. वरच्या क्रिकेटमध्ये आता पोकळ अपिलाची किंमत मोजावी लागते. रिव्ह्यू जातो, पडद्यावर सगळ्यांसमोर हसं होतं. म्हणून कीपर कर्णधाराला आधी खरं सांगतो: नाही लागला, घेऊ नको. रिव्ह्यू मागायच्या पंधरा सेकंदांत तो प्रामाणिक होतो! खाली आझाद मैदानावर कॅमेरा नाही, रिव्ह्यू नाही, किंमतही नाही. दहा वेळा ओरडा, एकदा मिळालं तर फायदाच. पोरांनी फुकटचा माल उचलला तर पोरांना काय बोलायचं?

आता वानखेडेवरचं 1980 सांगतो, कारण ते मी पाहिलंय, आणि त्याची जी गोष्ट सांगितली जाते ती मला अर्धवट वाटते. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी, इंग्लंडविरुद्ध, 15 फेब्रुवारीपासून. दुसऱ्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं म्हणून विश्रांतीचा दिवस त्या दिवशी ठेवला. आमच्या चाळीत त्या शनिवारी खिडक्या बंद, पाण्यात तुळशीपत्रं, आणि आम्ही कॉलेजातली पोरं उद्याचं तिकीट खिशात आहे ना, ते चाचपत बसलेलो. रविवारी इंग्लंडची फलंदाजी घसरली, 58 वर पाच. यष्टिरक्षक बॉब टेलर बॉथमच्या जोडीला आला. थोड्या वेळाने कपिलच्या चेंडूवर किरमाणीकडे झेल, अपील, पंच हनुमंत राव यांचं बोट वर. टेलर जागचा हलेना. स्टँडमधून आम्ही त्याला शिव्या घालतोय. तेवढ्यात कर्णधार विश्वनाथ स्लिपमधून पंचांकडे गेला, काहीतरी बोलला, आणि टेलर परत क्रीजवर! आम्हाला काही कळेना. तेव्हा मोठा पडदा नव्हता. पुढच्या रांगेतल्या ट्रान्झिस्टरवाल्याने सांगितलं, विशीने परत बोलावलं.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. बॉथम आणि टेलरने 171 धावांची भागी केली. बॉथमच्या 114, टेलरच्या 43. त्या सामन्यात बॉथमचे 13 बळी आणि टेलरचे यष्टींमागे 10 झेल. आपण दहा गडी राखून हरलो. त्या संध्याकाळी चर्चगेटला गाडीत विशीबद्दल काय काय बोललं गेलं ते आपल्या वृत्तपत्रात छापता येणार नाही. त्यानंतर विश्वनाथ पुन्हा कधी कसोटीत कर्णधार झाला नाही. दोनच कसोट्या त्याच्या नावावर राहिल्या.

ही गोष्ट नेहमी औदार्याची म्हणून सांगितली जाते. विशीने विजय दान केला, कर्णासारखा. मला पंच म्हणून ती तशी दिसत नाही. स्लिपमधून त्याला स्पष्ट दिसलं होतं की बॅट लागलेली नाही. आपल्या संघाने पंचाला जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि ते दुरुस्त करायचा अधिकार फक्त त्याच्याकडे होता. अपील मागे घ्यायचं तर कर्णधाराने पंचाची परवानगी मागायची, पंच ती देईल किंवा देणार नाही, असाच नियम आहे. त्याने परवानगी मागितली, पंचांनी दिली. यात दान कुठे आलं? टेलर बाद नव्हताच. जो बाद नव्हता त्याला खेळू दिलं. आणि याच गोष्टीत हनुमंत राव यांचं नाव कुणी घेत नाही. हजारो माणसं बघत असताना वर गेलेलं बोट खाली घेणं सोपं नसतं, हे मी ठामपणे सांगू शकतो. आमच्याकडे पाचपंचवीस पालक असतात तरी जड जातं.

दान म्हटलं की ते ऐपतवाल्यांनी करायचं, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. 2011 मध्ये नॉटिंगहॅमला धोनीने धावबाद झालेल्या इंग्लंडच्या इयान बेलला चहापानानंतर परत बोलावलं, त्यालाही अशीच खूप वाहवा मिळाली, पुढे आयसीसीचा दशकातला खिलाडूवृत्तीचा पुरस्कारही. बेल चुकून क्रीज सोडून निघाला होता, नियमाने बाद होता. ते खरं औदार्य. विशीचं ते नव्हे, विशीने फक्त खोटं चालू दिलं नाही. दोन्ही गोष्टी एका टोपलीत टाकल्यामुळे शाळेतल्या प्रशिक्षकांना म्हणायला मोकळीक मिळते की "आम्हाला धोनी व्हायचं नाही, आम्हाला फायनल जिंकायचीय."

आता काय करावं, ते सांगून थांबतो. शालेय स्पर्धांच्या आयोजकांना मी दोन गोष्टी लेखी कळवल्या आहेत. पहिली, नियम 42 मधला पाच धावांचा दंड वापरा, आणि तो लावणाऱ्या पंचाच्या मागे उभे राहा. शालेय सामन्यात हा दंड लागलेला मी पाहिलेला नाही. कारणही उघड आहे. सामन्यानंतर कर्णधाराच्या अहवालात पंचांना गुण दिले जातात, आणि तेरा वर्षांच्या कर्णधाराच्या नावाने ते गुण कोण भरतं ते सांगायला नको. तो अहवाल प्रशिक्षकाच्या सहीविना, पंचांच्या खोलीत, मुलाने स्वतः भरावा. दुसरी, सन 2000 च्या प्रस्तावनेतलं ते गळलेलं वाक्य स्पर्धेच्या नियमपत्रिकेत मराठीत छापावं आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना वाचून दाखवावं. मी माझ्या सामन्यांत नाणेफेकीला तोंडी सांगतोच: शंका असेल तर जरूर विचारा, कितीही वेळा विचारा, माहीत असेल की नाही लागला, तर विचारू नका. मुलं माना डोलावतात. पहिला तासभर पाळतातही. मग बाहेरून हाका सुरू होतात.

म्हणून तिसरी गोष्ट प्रशिक्षकांसाठी: सामना चालू असताना त्यांची खुर्ची धावलेखकाच्या टेबलापासून आणि सीमारेषेपासून दूर, तंबूच्या मागच्या बाजूला असावी. याला कुठल्या नियमबदलाची गरज नाही, चार माणसांनी खुर्ची उचलून मागे ठेवली की झालं.

आणि आपल्याकडे एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर शालेय सामन्यांच्या बातमीत 'जोरदार अपील करत बळी मिळवला' असं कौतुकाने लिहिलं जातं. बळी मिळवला एवढंच लिहावं. गलीतल्या त्या मुलासारखं कुणी हात वर करून 'टप्पा पडला' असं सांगितलं, तर त्याचं नाव छापावं, बळी घेणाऱ्याच्या नावाएवढ्याच ठळक अक्षरात. पंचाच्या अहवालातून ते नाव मिळू शकतं. मी आमच्या गटातल्या पंचांना तशी नोंद करायला सांगितलं आहे. आपल्या वार्ताहराने मागितली तर देऊ.

माझं नाव छापू नये ही विनंती. हंगाम चालू आहे आणि मला अजून सामने करायचे आहेत.

आपला,
एक मैदानी पंच
लालबाग, मुंबई